पांदण

मोटारी भरायच्या माझ्या दुकानात,
सिंदेवाहीच्या रस्त्याला, राइस मिलला लागून,
तांब्याच्या तारेखाली दबून होता तो पांढरा डबा.
नागपूरच्या भंगारातून तीन जळक्या पंख्यांसोबत आलेला.
त्याचं कंपनीचं कुलूप उन्नतीनं कधीच काढलं होतं.
कसं, ते मी विचारलं नाही.
बापानं काही प्रश्न लाइटच्या मीटरसारखे
घराबाहेरच लावून ठेवावेत.

चालू केला की टीव्हीवर बारा खण.
चार एका ओळीत, अशा तीन ओळी.
दोनात कंपनीचं काहीबाही. बाकीचे करडे,
पायाला मुंग्या आल्यासारखे झिणझिणणारे.
तिनं केलेले खेळ होते, पण फार आत:
एक खण उघडा, त्यात यादी,
यादीत मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं,
उतरत जा, उतरत जा, मग कुठं.
"पहिल्याच पानावर चित्र पाहिजे, बाबा.
दाबलं का उघडलं."

कोणासाठी, तर यादवरावांसाठी.
नाटक कंपन्यांत ऑर्गन वाजवलेला माणूस,
मंडईच्या एकेका रात्री पहाटेपर्यंत भाता मारलेले पाय.
आता डावी बाजू झोपलेली,
उजवा अंगठा तेवढा जागा.
"घरीच बनवलं आबा, सगळं घरचं,"
तिनं सांगितलं, तर ते दाराकडे बघायला लागले:
"घरी पाडलेलं? हळू बोल ना पोरी,
वास गेला का पोलीस येतीन."

एकशे अठ्ठावीस ठिपके रुंद, शहाण्णव उंच.
एवढ्या बांधात तिनं अख्खा ऑर्गन बसवला.
काळ्या पट्ट्या बसेनात,
दोन काढून टाकल्या. कोमल सूर गेले.
शेजारच्या खणात बगळा:
तो रोवण्याचा खेळ,
आपण चिखलात रोप लावायचं, त्यानं उपटायचं.

मला समजलं ते इतकंच,
की खणात काहीच नसतं.
नुसती वाट असते, कार्डावरच्या खऱ्या फायलीकडे जाणारी.
आमच्या बांधीकडे जाते ना ती पांदण,
तलाठ्याच्या नकाशात नाही,
पण रात्री टॉर्च विझला तरी चप्पल चुकत नाही.

पहिल्यांदा दाबलं.
काळं.
फोल्डरच्या नावात एक अक्षर राहिलं होतं
आणि पांदण नाल्यात उतरली होती.
ती घाम पुसत कार्ड काढते, घालते, काढते.
यादवराव निवांत:
"पडदा उघडाले टाइम लागतेच.
राजा अजून मिशी लावत असन."

मग वाजला.
एकच सूर, स्वच्छ, बिनचूक.
त्यांनी मान तिरपी केली,
टीव्हीच्या खाली वाकून बघितलं.
"याच्यात हवा कोन भरते?"
कोणीच नाही, ती म्हणाली.
"मंग."

अंगठा सरकला बगळ्यावर.
आणि दोन तास तो माणूस रोवणा करत बसला.
चौदाव्या वर्षी ऐन रोवण्यात
हातातला पेंढा बांधावर टाकून
कंपनीच्या ट्रकमागे पळालेला,
त्या बगळ्याला आईवरून शिव्या देत
एकेक रोप परत लावत होता.
ओळ वाकडीच. सांगितलं तर म्हणे,
"माह्या बापानंबी हेच म्हटलं होतं."

उन्नतीचा चेहरा उतरला होता.
पंधरा रात्री तिच्या ऑर्गनला गेल्या,
बगळा तर आठवीतला, असाच केलेला.
तिनं ऑर्गन रिमोटच्या चिमटीत उचलला,
खालच्या ओळीत, कोपऱ्यात नेऊन ठेवला.
पुसला मात्र नाही.

निघताना दारात थांबून यादवराव:
"बाकीचे खन कोनाचे होत?"
"कोनाचेच नाई, आबा."
"एक माह्या नावानं ठेव.
काई नको टाकू त्याच्यात."

आता तिथं एक मिटलेला पडदा आहे,
बाजूला दोरी, दोनच ठिपक्यांची.
दाबलं की काळं होतं.
कार्डावर त्या नावाचं काहीच नाही, मी बघितलं.
गिऱ्हाईक विचारतं, बिघडलं का गा हे?
मी म्हणतो, नाही,
मोटार दोन वाजता घेऊन जा.